ऐरोलीच्या रो-हाउससमोर काँक्रीटच्या पायऱ्या स्वतः बांधायच्या आहेत: खालच्या भरावाचे काय करावे?

ऐरोली_रोहाउस यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे ऐरोलीत, सिडकोच्या जुन्या वसाहतीत रो-हाउस आहे. अंगणातून ओट्यावर चढण्याच्या पायऱ्या आधीच्या मालकांनी विटांत बांधून वर शहाबादी बसवलेल्या आहेत. मागच्या दोन पावसाळ्यांत त्या जोत्यापासून सुटल्या असून पुढच्या बाजूला झुकल्या आहेत. जोते आणि सर्वांत वरची पायरी यांच्यामध्ये आता बोट जाईल एवढी फट आहे. पाऊस सुरू झाला की पाणी या फटीत शिरते आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ पायऱ्यांच्या बुडातून गढूळ होऊन बाहेर येत राहते. गच्चीच्या पाण्याचा पाईपही पायऱ्यांच्या शेजारीच अंगणात मोकळा सोडलेला आहे.

घरी सासूबाई आहेत आणि त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सध्याच्या पायऱ्यांपैकी एक सात इंचांची तर दुसरी पाच इंचांची असल्यामुळे त्यांचा तोल जातो. म्हणून या पायऱ्या मुळापासून काढून तेथे भरीव काँक्रीटच्या पायऱ्या करण्याचे आम्ही ठरवले आहे. एवढ्या लहान कामाला गवंडी सहसा तयार होत नाहीत, आणि ज्यांना विचारले त्यांनी जुनेच डेब्रिज आत भरून वरून माल लिंपून देण्याची भाषा केली, ती आम्हाला पटली नाही. माझे यजमान आणि दीर अंगमेहनतीला तयार आहेत. मोजमाप आणि हिशेब मी पाहणार आहे.

अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. पेव्हरच्या पृष्ठभागापासून ओट्याच्या लादीपर्यंत उंची ६३० मिलिमीटर भरते. रुंदी चार फूट, म्हणजे १२०० मिलिमीटर ठेवायची आहे. पायऱ्या किती आणि केवढ्या कराव्यात, खाली किती खणावे, सळई घालावी की नाही, आणि हे सारे मृगाच्या आधी नीट पुरे होईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती. सोसायटीचे परवानगीपत्र घेतले आहे आणि बांधकाम आमच्याच कुंपणाच्या आत आहे.


कळवा_सिव्हिल यांचे उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती म्हणजे पायऱ्या कोणत्या दिशेला झुकल्या ही. त्या घराकडे झुकल्या असत्या, तर जोत्यालगतचा भराव बसला असे मी म्हटले असते. पाया घालताना जोत्याभोवती खणलेला चर पुढे सैल मातीनेच भरला जातो आणि पायऱ्या नेमक्या त्या चरावर येतात, त्यामुळे तो प्रकार नेहमी दिसतो. तुमच्या पायऱ्या पुढे झुकल्या आहेत आणि बुडातून गढूळ पाणी येते आहे, याचा अर्थ पुढच्या काठाखालची बारीक माती पाण्याबरोबर निघून जात आहे. हे पाणी वरच्या फटीतून आणि शेजारच्या पाईपमधून येते. ते तसेच चालू राहिले तर नव्या काँक्रीटच्या पायऱ्या विटांच्या पायऱ्यांपेक्षा जड असल्यामुळे अधिक लवकर झुकतील. म्हणून पहिले काम पाईपचे. त्याला कोपर जोडून त्याचे तोंड थेट पावसाळी गटाराच्या चेंबरपर्यंत न्या, आणि ते झाल्याशिवाय पहार हातात घेऊ नका.

ठाणे खाडीच्या या काठावर मूळ जमीन खाजणाची किंवा भातशेतीची आहे. वसाहती वसवताना तिच्यावर मुरूम आणि डबर टाकून पातळी वर आणली गेली. प्रत्येक प्लॉटवर हा भराव वेगवेगळ्या जाडीचा लागतो, म्हणून शेजाऱ्याने किती खणले यावरून तुमच्याकडचा अंदाज बांधू नका. जुने बांधकाम काढल्यावर पायऱ्यांच्या मापापेक्षा तिन्ही मोकळ्या बाजूंनी चार-चार इंच मोठा खड्डा घ्या आणि ३०० मिलिमीटर खाली जा. तेथे पहारीचे टोक टेकवून नुसत्या हाताच्या जोराने दाबून पाहा. पहार वीतभर आत गेली तर आणखी खणा. टणक मुरूम लागला तर तेथेच थांबा. काळा चिकट गाळ लागला तर तो तुडवून मळू नका, कारण मळलेला गाळ पुन्हा घट्ट होत नाही. तो ६०० मिलिमीटरपर्यंत काढून टाका आणि त्या जागी चांगला मुरूम दीडशे-दीडशे मिलिमीटरच्या थरांनी भरा. प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने (जमीन ठोकण्याच्या जड ठोकळ्याने) इतका ठोका की बुटाची टाच त्यात रुतणार नाही. ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, असा. सगळा मुरूम एकदम टाकून वरून पाणी सोडले आणि ठोकले, तर फक्त वरचे चार इंच दबतात आणि खालचा भाग पोकळ राहतो. या कामात घाई झाली की तिची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते, म्हणून मी इतके तपशिलाने सांगत आहे.

खणण्याआधी पाणीमीटरची, मलवाहिनीची आणि पाईप गॅसची वाहिनी कोठून गेली आहे हे पाहून घ्या. रो-हाउसमध्ये या वाहिन्या पुष्कळदा ओट्याच्या कडेनेच जातात. पायऱ्यांखाली चेंबरचे झाकण येत असेल तर पायऱ्यांची जागाच थोडी सरकवा.

मुरमावर डबराचे सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, हाताने रचून, मधल्या फटींत बारीक खडी ठासून, वर १०० मिलिमीटर जाडीचे साधे काँक्रीट टाका. ते एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचे चालेल. पायऱ्यांसाठी मात्र एकास दीडास तीन हेच प्रमाण ठेवा.

आता माप. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या जिन्यात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ही झाली मर्यादा. गुडघ्याच्या रुग्णासाठी त्यापेक्षा पुष्कळ सौम्य माप हवे. ६३० मिलिमीटरचे चार समान भाग केले तर प्रत्येक चढ १५७.५ मिलिमीटर येतो. म्हणजे पायऱ्या तीन आणि चौथे पाऊल थेट ओट्यावर. पावलाची जागा ३०० मिलिमीटर घ्या. दोन चढ आणि एक पाऊल यांची बेरीज ६०० ते ६४० च्या दरम्यान असली की चाल स्वाभाविक पडते, आणि येथे ती ६१५ येते.

उंची समान असणे हे उंची कमी असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या पायरीने पायाला जे माप शिकवले, त्याच मापाने तो पुढच्या पायरीसाठी उचलला जातो, आणि तेथे वीस-पंचवीस मिलिमीटरचा फरक निघाला तरी माणूस अडखळतो. सासूबाईंचा तोल जाण्याचे कारण हेच असावे. म्हणून माप नेहमी तयार पृष्ठभागापासून तयार पृष्ठभागापर्यंत घ्या. उद्या पायऱ्यांवर लादी लावायची असेल तर तिची आणि खालच्या मालाची जाडी आजच हिशेबात धरा. नाहीतर पहिली पायरी उंच होते आणि शेवटची बुटकी.

सामानाचा हिशेब असा आहे. पायऱ्यांचे घनफळ साधारण ०.३४ घनमीटर आणि खालच्या थराचे ०.१५ घनमीटर. दोन्हींना मिळून ५० किलोच्या चार बॅगा सिमेंट लागते, पण हाताने कालवताना दहा टक्के सिमेंट जास्त घालण्याचा प्रघात आहे आणि थोडा माल वायाही जातो, म्हणून पाच बॅगा आणा. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, साडेसात घनफूट आणि खडी पंधरा घनफूट लागेल, थोडी जास्तच मागवा. हे सामान ब्रासने घेण्याची गरज नाही, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. बांधकाम साहित्याच्या दुकानातून गोण्यांनी घ्या. खडी २० मिलिमीटरची, म्हणजे सहा सुती घ्या आणि तिच्यात एक तृतीयांश बारीक खडी मिसळा.


उपवन_ठाणे यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, मला फक्त सळईविषयी सांगायचे आहे. आमच्या घराच्या पायऱ्या करताना आम्ही जोत्यात भोके पाडून १२ मिलिमीटरच्या सळया केमिकलने बसवल्या होत्या आणि त्या पायऱ्यांच्या काँक्रीटमध्ये घेतल्या होत्या. शिवाय प्रत्येक पायरीच्या पृष्ठभागाखाली ८ मिलिमीटरच्या सळयांची जाळी दिली होती. आजपर्यंत जोते आणि पायरी यांच्यामध्ये केसाएवढीही भेग पडलेली नाही. ऐरोलीच्या ताईंच्या घरी मुख्य तक्रार फट पडण्याचीच आहे, तेव्हा पायऱ्या घराला जखडून टाकणे हा मला सरळ उपाय वाटतो. जाळीमुळे वरचा पृष्ठभागही तडकत नाही. खर्च फारसा वाढत नाही आणि मनाला स्वस्थता लाभते.


कळवा_सिव्हिल यांचे उत्तर

उपवन येथे, येऊरच्या पायथ्याशी, हातभर खणले की बहुतेक ठिकाणी मुरूम किंवा काळा पाषाणच लागतो. तेथे पायऱ्या खचण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून आपण जोडलेल्या सळयांवर कधी ताणही आला नसावा. तेथे आपण केलेले काम योग्यच आहे. ऐरोलीच्या भरावावर मात्र मी तो सल्ला देणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. घर त्याच्या पायावर उभे आहे आणि पायऱ्या भरावावर उभ्या राहणार आहेत, म्हणून दोन्हींचे बसणे कधीच सारखे नसते. कितीही ठोकले तरी भराव दोन-चार मिलिमीटर खाली जाणारच. पायऱ्या सुट्या असतील तर त्या एकसंध खाली बसतात आणि जोत्याजवळची फट भरून घेता येते. त्या जखडलेल्या असतील तर सुमारे ८०० किलोचे ते ओझे सळयांना लोंबकळते आणि जोत्याची कड फुटते किंवा वरची पायरी आडवी तडकते. पायरी पुन्हा करता येते, पण जोत्याची दुरुस्ती हे कितीतरी मोठे काम आहे. म्हणून येथे जोते आणि पायऱ्या यांच्यामध्ये १२ मिलिमीटर जाडीचा बिटुमेनचा (डांबराचा) फायबर बोर्ड उभा ठेवून काँक्रीट ओता. पुढे बोर्डाचा वरचा अर्धा इंच खरवडून काढा आणि त्या खाचेत पॉलियुरेथेन सीलंट भरा. पाणी आत जायचे थांबते आणि दोन्ही बांधकामे आपापल्या परीने हलायला मोकळी राहतात. सीलंट काही वर्षांनी बदलावे लागते, एवढाच त्याचा त्रास.

दुसरे कारण खाडीच्या हवेचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत सागरी किनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले बांधकाम तीव्र गटात धरले आहे, आणि त्या गटात सळईच्या काँक्रीटला किमान एम ३० प्रत (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) व सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे, तर बिनसळईच्या काँक्रीटला एम २० पुरते. घरी फावड्याने कालवलेल्या एकास दीडास तीनच्या मालाकडून एम २० ची अपेक्षा ठेवता येते, एम ३० ची नाही. जमिनीवर पूर्ण टेकलेल्या भरीव पायऱ्यांना वाक येत नाही, त्यामुळे त्यांना सळईची गरज नसते. उलट पृष्ठभागाखाली इंचभर खोलीवर ठेवलेली जाळी खारट दमट हवेत काही वर्षांनी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि पायरीची कडच फोडून बाहेर येतो. खाडीकाठच्या इमारतींच्या छज्जांवर हे दृश्य जागोजागी दिसते. तडे टाळण्याचा खरा उपाय म्हणजे कमी पाणी, नीट ठासणे आणि पुरेसे दिवस पाणी मारणे. तो फुकट आहे आणि जाळीपेक्षा खात्रीचा आहे.


ऐरोली_रोहाउस यांचे उत्तर

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. गच्चीचा पाईप आधी वळवून घेतो, आणि सळईशिवाय, सुट्या पायऱ्या करायचे नक्की करतो. आता सेंटरिंगविषयी, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्याविषयी, विचारते. तीनही पायऱ्या एकदम ओतायच्या की एकेक करून? एकदम ओतल्या तर वरचा माल दाबाने खालच्या पायरीतून वर येणार नाही का? पाणी निथळण्यासाठी पायरीला पुढे उतार द्यायचा झाला तर १५७.५ मिलिमीटरचे माप कोठून कोठे धरायचे? आणि आमच्याकडे बोअरचे पाणी मुबलक आहे, ते थोडे मचूळ लागते. काँक्रीटला ते चालेल का?


नेरूळ_फर्माकाम यांचे उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बोअरचे पाणी वापरू नका, माल कालवायलाही नको आणि नंतर मारायलाही नको. मचूळपणा हा क्षारांचा असतो. बिनसळईच्या काँक्रीटला क्षारांची मर्यादा सैल आहे हे खरे, पण वाळल्यावर पायऱ्यांवर पांढरा फुलोरा येत राहतो आणि पृष्ठभाग खरखरून सुटतो. महापालिकेच्या नळाचे पाणी दोन पिंपांत साठवून ठेवा. याच कारणासाठी खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. क्रश सँड घेताना ती काँक्रीटची आहे, प्लास्टरची बारीक नाही आणि खाणीवरची नुसती भुकटीही नाही, हे चिमटीत घेऊन पाहा. चांगल्या क्रश सँडचे कण बोटांना टोचतात आणि हाताला पिठासारखी पूड फारशी चिकटत नाही.

सेंटरिंगसाठी १८ मिलिमीटरचा प्लाय दोन्ही बाजूंना उभा करा आणि त्यावर पायऱ्यांची आकृती पेन्सिलने प्रत्यक्ष मापात आखा. उतार पायरीमागे ५ मिलिमीटर पुरतो. उंचीचे माप एका पायरीच्या पुढच्या कडेपासून वरच्या पायरीच्या पुढच्या कडेपर्यंत धरा, म्हणजे उतार दिल्यावरही चारही चढ सारखे राहतात. आखणी झाल्यावर लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही बाजूंचे प्लाय समपातळीत आहेत का हे तपासा. येथे एक सेंटिमीटर चुकला तर पायरी आडवी कलती होते आणि चढताना ते फार जाणवते.

समोरच्या उभ्या फळ्यांची खालची धार आतल्या बाजूने नाही, बाहेरच्या बाजूने तिरपी तासून घ्या. फळीच्या बुडाशी खालच्या पायरीचा मागचा कोपरा येतो आणि तेथे रंधा (माल सपाट करायची लाकडी थापी) पोहोचला पाहिजे. धार सरळ ठेवली तर फळीच्या जाडीएवढी पट्टी हाताला लागत नाही, आणि फळी काढल्यावर नेमकी तेवढीच पट्टी खडबडीत राहून तिच्यात पाणी आणि शेवाळ साचते. चार फूट लांबीची फळी मध्यावर फुगते, म्हणून तिन्ही फळ्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक तिरका वासा ठोकून त्याचे खालचे टोक जमिनीत खुंटीला अडवा. बाजूच्या प्लायला बाहेरून किमान तीन तिरके टेकू द्या. ओल्या काँक्रीटचा बाहेरचा रेटा नवख्या माणसाला वाटतो त्याहून फार मोठा असतो. लाकडाला शटरिंग ऑईलचा पातळ हात द्या. वापरलेले इंजिन ऑईल लावले तर काँक्रीटवर काळे डाग कायमचे राहतात.

तीनही पायऱ्या एकाच दिवशी, न थांबता ओता. वेगवेगळ्या दिवशी ओतल्या तर दोन थरांमध्ये सांधा राहतो आणि पुढे पाणी तोच मार्ग धरते. आपली शंका रास्त आहे: माल फार पातळ असेल किंवा वरची पायरी घाईने भरली, तर खालच्या पायरीतून तो उकळून वर येतो. म्हणून सर्वांत खालची पायरी आधी भरा, १६ मिलिमीटरच्या सळईने ठासा आणि फळीला बाहेरून हातोडीने टपटप ठोका, म्हणजे दर्शनी बाजूचे हवेचे बुडबुडे निघून जातात. मग दुसरी आणि मग तिसरी भरा. तिसरी भरेपर्यंत पहिलीने थोडा धीर धरलेला असतो. माल इतका घट्ट हवा की फावड्यावर त्याचा ढीग राहावा. सिमेंटच्या एका बॅगेला पाणी ३० लिटरपेक्षा अधिक कधीही नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून पुष्कळ कमी.

माप चुकू नये म्हणून रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, तिच्यात साडेसतरा लिटर पाणी मोजून ओता आणि आतून त्या पातळीवर खूण करा. एका बॅगेला या खुणेपर्यंत तीन बादल्या क्रश सँड आणि सहा बादल्या खडी, हे एकास दीडास तीनचे प्रमाण झाले, कारण सिमेंटची बॅग स्वतः ३५ लिटरची असते. पूर्ण बॅगेचा माल सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो आणि दोघांनी तो उलथापालथा करताना पाठ धरते. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या बॅगेचा माल करा. तो लोखंडी पत्र्यावर कालवा, पेव्हरवर नको. आधी वाळू आणि सिमेंट कोरडेच एकरंग होईपर्यंत हलवा, मग खडी, मग पाणी. एकदा पाणी पडले की अर्ध्या तासात माल साच्यात गेला पाहिजे. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. या कामाला तिसरा माणूस असलाच पाहिजे, कारण दोघे कालवत असताना एकाने सतत ठासत राहायचे असते.


बेलापूर_अंगण यांचे उत्तर

घोटाई आणि पाणी मारणे याविषयी थोडे लिहिते, कारण आपल्याकडे नेमका याच टप्प्यावर लोकांचा उत्साह संपतो.

माल ओतल्यावर पृष्ठभागावर पाणी तरळते. ते तरळत असताना त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून गुरमाळ्याने (लोखंडी थापीने) गुळगुळीत करण्याची पद्धत येथे सर्रास आहे. तसे करू नये. तो पापुद्रा एक-दोन वर्षांत निघतो, आणि निघेपर्यंत पावसाळ्यात काचेसारखा निसरडा असतो. तरळलेले पाणी आपोआप विरू द्यावे, मग लाकडी रंध्याने सपाट करावे, कडा गोलसर कराव्यात आणि शेवटी ताठ केसांचा झाडू आडवा, एका दिशेने, हलक्या हाताने ओढावा. या रेघा पावलाला पकड देतात. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हे कमी मिळणाऱ्या पायऱ्यांवर ऑगस्टपर्यंत हिरवे शेवाळ येतेच. घोटलेल्या लादीवर ते आले की शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्या पायऱ्या धोक्याच्या ठरतात. त्यामुळे वर चकचकीत ग्रॅनाईट लावण्याचा विचार कोणी सुचवला तरी स्वीकारू नका. झाडूच्या रेघांचे साधे काँक्रीट दिसायलाही वाईट नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्या फळ्या हळूच सोडवाव्यात. पहिले आठ-दहा दिवस कडा फार नाजूक असतात, म्हणून पहार घालून उचकटू नये. पाणी मारण्याविषयी सांगायचे तर बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेले) असते, आणि अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि शक्यतो १४ दिवस ओल टिकवावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ नळी धरणे पुरत नाही. काँक्रीट दुपारी सुकते, रात्री भिजते, पुन्हा सुकते, आणि त्यातूनच बारीक तडे जातात. पायरी उभी-आडवी असल्यामुळे आळे करून पाणी साठवताही येत नाही. गोणपाटाची दुहेरी घडी पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवरूनही खाली सोडावी, भिजवावी आणि वरून प्लास्टिकचा कागद झाकून कडांवर विटा ठेवाव्यात. मग गोणपाट दिवसातून दोनदा चाचपून पाहिले तरी पुरते, आणि पाणीकपातीच्या दिवशीही ओल राहते. त्या काळात येण्याजाण्यासाठी मागचे दार वापरावे. ते नसेल तर ओट्याच्या बाजूला, पायऱ्यांना न टेकणारी, लाकडी शिडीवजा सोय आधीच करून ठेवावी. सासूबाईंचा त्या दिवसांत दवाखान्याचा फेरा नाही ना, हेही पाहून मुहूर्त ठरवा.

माझ्या मते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी ओतकाम संपवावे. सिमेंट मात्र त्याच आठवड्यात आणा आणि बॅगेवरचा उत्पादनाचा आठवडा वाचून घ्या, कारण तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद लक्षणीय कमी झालेली असते.


ऐरोली_रोहाउस यांचे उत्तर

एक राहिले. सासूबाईंसाठी कठडा लावायचा आहे. त्याचे खांब काँक्रीट ओतताना आतच उभे करावेत की नंतर भोके पाडून बसवावेत?


कळवा_सिव्हिल यांचे उत्तर

दोन्ही नको. लोखंडी खांब थेट काँक्रीटमध्ये उभा केला की तो पृष्ठभागाच्या रेषेवर गंजतो, आणि नंतर ड्रिलने भोक पाडताना पायरीची कड फुटण्याची भीती असते. ओतकाम करताना खांबांच्या जागी, बाजूच्या कडेपासून किमान १०० मिलिमीटर आत, ७५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाईपचे वीतभर तुकडे ओळंब्यात उभे करा. त्यांची वरची तोंडे चिकटपट्टीने बंद करा म्हणजे आत माल पडणार नाही. काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, पाईपचे तुकडे पिळून काढून घ्या. ते सहज निघावेत म्हणून त्यांना आधीच तेलाचा हात द्यावा लागतो. चौदा दिवस झाले की त्या खळग्यांत स्टेनलेस स्टीलचे खांब उभे करून न आकसणारे ग्राउट (सिमेंटचा पातळ भरणा) भरा आणि ग्राउटचा वरचा भाग खांबाभोवती थोडा फुगीर ठेवा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबणार नाही. स्टेनलेस घेताना ३१६ प्रतीचे मागा. खाडीच्या हवेत ३०४ प्रतीवर तांबूस ठिपके लवकर येतात.

कठड्याची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून ९०० मिलिमीटर धरा, पण वेल्डिंग करण्याआधी सासूबाईंना एकदा तेथे उभे करून कोपर किंचित वाकवलेला असताना हात कोठे येतो ते पाहा आणि त्यांना सोयीचे असेल तसे माप थोडे खाली-वर करा. कठडा उतरताना उजव्या हाताला हवा की डाव्या, हे कोणत्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यावर त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. शक्य झाल्यास दोन्ही बाजूंना लावा, आणि दांडी ओट्यावर हातभर पुढे न्या, म्हणजे शेवटचे पाऊल टाकतानाही हाताला आधार राहील.